पोथीतील मधमाशी व वनातील मधमाशी

बंगाली सन १३२७ च्या वैशाखात, म्हणजे इसवी सन १९२० मध्ये, सुधीरचंद्र सरकार यांनी कलकत्त्याहून मुलांसाठी एक मासिक काढले आणि त्याचे नाव ‘मौचाक’, म्हणजे मोहोळ, असे ठेवले. हेमेंद्रकुमार राय यांची ‘जखेर धन’ ही गुप्तधनाच्या शोधाची कथा आणि विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘चाँदेर पाहाड’ ही आफ्रिकेतील साहसाची कादंबरी याच मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, एवढे सांगितले म्हणजे त्याच्या योग्यतेविषयी निराळे काही सांगावयास नको. पुढे ‘आनंदबाजार पत्रिके’तील ‘आनंदमेला’ हे मुलांचे पान ज्यांनी नावारूपास आणले ते विमल घोष आपले खरे नाव बाजूस ठेवून ‘मौमाछि’ या टोपणनावाने लिहीत, आणि त्यांनीच उभारलेल्या ‘मणिमेला’ या बालसंघटनेतील मुले त्यांना त्याच नावाने ओळखीत. या दोहोंच्याही आधी नवकृष्ण भट्टाचार्य यांची ‘काजेर लोक’ ही कविता बंगाली मुलांच्या तोंडी बसलेली होती. तीत नाचत नाचत निघालेल्या मधमाशीला मूल थांबण्याचा आग्रह करते आणि मधमाशी, आपणास थांबावयास सवड नाही, असे उत्तर देऊन निघून जाते. सारांश, अक्षरओळखीपासून वर्तमानपत्राच्या पानापर्यंत कलकत्त्यातील सुशिक्षित घरच्या मुलाला मधमाशी पदोपदी भेटत होती.

ती कोणती मधमाशी, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. सियालदह स्थानकातून दक्षिणेकडे निघणारी आगगाडी सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवरील कॅनिंगला जाऊन थांबते, आणि तेथून नावेने खाली उतरत गेले की सुंदरवनाचा मुलूख लागतो. त्या वनातील मधमाशी आणि मुलांच्या पुस्तकातील मधमाशी यांच्यात जे अंतर पडले ते या रेल्वेच्या आणि नावेच्या प्रवासाहून फार मोठे होते, आणि ते का पडले याचा इतिहास माझ्या मते त्या पुस्तकांइतकाच मनोरंजक आहे.

बंगालीत मुलांसाठी निसर्गविषयक लेखन छापण्यास प्रारंभ झाला तो १८१७ साली स्थापन झालेल्या कलकत्ता स्कूल बुक सोसायटीच्या आश्रयाने. या सोसायटीने १८२२ मध्ये ‘पश्वावली’ नावाचे पशुवर्णनपर नियतकालिक काढले. पाद्री जॉन लॉसन यांनी मूळ मजकूर सिद्ध करावा आणि पिअर्स यांनी तो बंगालीत उतरवावा, अशी व्यवस्था होती. त्यात सिंह, अस्वल, हत्ती, गेंडा, वाघ अशा भव्य प्राण्यांना मान मिळाला, आणि किड्यामुंग्यांनी रांगेत मागे उभे राहावे हे ओघानेच आले. पुढे अक्षयकुमार दत्त यांच्या ‘चारुपाठ’ या सुप्रसिद्ध पाठमालेने विज्ञानाचे गंभीर विषय सुबोध गद्यात मांडून बंगाली भाषेवर अमाप उपकार केले; तथापि त्या पाठमालेत ज्वालामुखी आहे, बीव्हर नावाचा थंड प्रदेशातील धरणे बांधणारा प्राणी आहे, आणि हे दोन्ही हुगळीच्या काठी राहणाऱ्या मुलाला जन्मात दिसण्याचा संभव नव्हता. ज्ञान हे दुरून यावयाचे असते, अशी एक समजूत त्या शतकाच्या हाडीमांसी खिळलेली होती. तिचा दोष एकट्या अक्षयकुमारांना देणे अन्यायाचे होईल, कारण आपल्याकडील मराठी क्रमिक पुस्तकांचीही गोष्ट याहून फारशी निराळी नव्हती.

मधमाशी पुस्तकात शिरली ती याच वाटेने, आणि ती शिरली ती नीतिशिक्षक म्हणून. इंग्लंडात आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाने १७१५ साली मुलांसाठी रचलेल्या पद्यांत उद्योगी मधमाशीचा जो आदर्श घालून दिला, तो पुढे दोनशे वर्षे इंग्रजी शाळांतून घोकला गेला व तेथून साम्राज्याबरोबर पूर्वेकडे आला. कलकत्त्यात त्याला सुपीक जमीन मिळाली. सकाळी दहाच्या ठोक्याला मुनीबाच्या किंवा साहेबाच्या कचेरीत हजर होऊन संध्याकाळपर्यंत मान वर न करणारा कारकून ज्या शहराचा आधारस्तंभ, त्या शहराला अखंड राबणारी मधमाशी प्रिय वाटावी यात नवल ते काय?

वस्तुतः मधमाशी इतकी राबत नाही. जर्मनीतील मार्टिन लिंडाउअर या शास्त्रज्ञाने, मोहोळात घडणारे सारे काचेतून दिसावे अशी सोय करून, एकाच खूण केलेल्या कामकरी माशीवर सुमारे १७७ तास पाळत ठेवली व तो वृत्तांत १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या अवधीपैकी जवळजवळ ७० तास ती नुसती बसून होती आणि आणखी ५६ तास पोळ्यावरून इकडून तिकडे हिंडत होती. अर्थात ते हिंडणेही निरर्थक नसते. कोठे काय उणे आहे ते त्यातूनच तिला कळते आणि गरज पडेल तेथे ती कामाला लागते. पण मुलाने ही आकडेवारी गुरुजींपुढे मांडली असती तर गुरुजींची पंचाईत झाली असती, हे खचित.

नीतिपाठाचे हे ओझे मधमाशीच्या पाठीवरून प्रथम कोणी उतरविले असेल तर ते जगदानंद राय यांनी. शांतिनिकेतनातील रवींद्रनाथांच्या शाळेत ते विज्ञान शिकवीत, आणि मुलांपुढे रोज उभे राहणाऱ्या माणसाला मुलांना काय रुचते हे जितके कळते तितके ते कचेरीत बसून लिहिणाऱ्याला कळत नाही. ग्रहतारे, वनस्पती, मासे, बेडूक, साप यांवर त्यांनी एकामागून एक पुस्तके लिहिली. त्यांतील ‘पोकामाकड’ हे कीटकांवरचे पुस्तक १९१९ चे, म्हणजे ‘मौचाक’च्या अगदी आदल्या वर्षाचे. घरात, अंगणात आणि झाडावर जे किडे मूल रोज पाहते त्यांच्याविषयीच एक सबंध पुस्तक लिहावे, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. आपल्याकडेही याच सुमारास ही दृष्टी येऊ लागली होती. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या ज्यांनी मराठीत आणल्या त्या वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ पासून महाराष्ट्रातील मुलांच्या हाती पडत होते. कलकत्ता आणि पुणे यांच्यातील ही देवघेव आज जितकी विस्मृतीत गेली आहे तितकी तेव्हा ती दुर्मीळ नव्हती.

मुलांना मधमाशीविषयी काय सांगावे, तर थोडक्यात असे. एका मोहोळात एक राणी असते, ऋतुमानाप्रमाणे काही नर असतात, आणि बाकीच्या हजारो माश्या कामकरी असतात. त्या सगळ्या एकाच आईच्या मुली. राणी राज्य करीत नाही, ती अंडी घालते. युरोपात पुष्कळ शतके तिला राजा समजत, आणि सतराव्या शतकात स्वामरडाम या डच पंडिताने तिचे पोट चिरून आत अंडाशय दाखविले तेव्हा राजाची राणी झाली. कामकरी माशी अंड्यातून प्रौढ होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. बाहेर आल्यावर ती प्रथम ज्या कोठडीतून आपण निघालो तीच स्वच्छ करते, मग काही दिवस अळ्यांना भरविते, मग पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या मेणाच्या पापुद्र्यांनी कोठड्या बांधते, मग दारावर पहारा करते, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात फुलांवर जाते. फुलांच्या हंगामात हे सारे आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपास संपते. नराला नांगी नसते आणि बापही नसतो, कारण तो फलित न झालेल्या अंड्यातून जन्मतो. फुले कोठे आहेत हे एक माशी दुसरीला नाचून सांगते. त्या नाचातील दिशा व अंतर यांची परिभाषा कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली, आणि त्या कामाबद्दल १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हेच लिंडाउअर यांचे गुरू.

हे वर्णन युरोपातील पेटीत राहणाऱ्या माशीवरून बेतलेले आहे, आणि आपल्या सातेरी माशीलाही ते बहुतांशी लागू पडते. कारण सातेरीही अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधून राहते आणि माणसाने दिलेली पेटी मान्य करते. परंतु कलकत्त्याच्या बाजारात शतकानुशतके जो मध आणि जे मेण आले ते मुख्यतः या माशीचे नव्हते. ते आग्या मोहोळाचे होते. अजिंठ्याच्या कड्यावर किंवा एखाद्या गडाच्या बुरुजाखाली काळीकरडी ढाल टांगावी तसे लोंबणारे हे मोहोळ ज्याने पाहिले आहे, आणि त्याहून अधिक म्हणजे ते उठल्यावर ज्याने पळ काढला आहे, त्या मराठी वाचकाला या माशीची ओळख करून देण्याचे कारण नाही.

बंगालच्या मेणाचा लौकिक जुना आहे. सतराव्या शतकाच्या सातव्या दशकात बंगालमधून प्रवास केलेल्या फ्रांस्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने तेथील विक्रीयोग्य मालाची जी यादी दिली आहे तीत लाख, अफू, पिंपळी यांच्या जोडीला मेणही आहे. मध लवकर आंबतो, सांडतो व त्याला मुंग्या लागतात. मेण वितळवून त्याच्या वड्या पाडल्या की त्या वर्षानुवर्षे टिकतात आणि जहाजात कितीही रचून नेता येतात. त्या काळी मेणबत्ती खरोखरीच मेणाची होती. ओतकाम करणारे कारागीरही मूर्ती प्रथम मेणात घडवीत व मग त्यावर मातीचे लिंपण देऊन आतले मेण वितळवून काढीत. म्हणून वनात जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मध आणि मेण ही दोन्ही उत्पन्ने होती, आणि जुन्या कथांतून दोघांची नावे जोडीने येतात.

१७५७ च्या डिसेंबरात मीर जाफरने चोवीस परगण्यांची जमीनदारी कंपनी सरकारास दिली, आणि त्या परगण्यांच्या दक्षिणेस पसरलेल्या अमर्याद जंगलाचे करावयाचे काय, हा प्रश्न नव्या मालकापुढे उभा राहिला. प्रथम बरीच वर्षे उत्तर एकच होते: तोडा, बांध घाला, लागवडीला आणा आणि सारा वसूल करा. १७७० नंतर पट्टे देण्यास सुरुवात झाली. जेसोरचे मॅजिस्ट्रेट टिलमन हेंकेल यांनी १७८० नंतरच्या दशकात रयत बसविण्याची मोठी खटपट केली. जमीनदार म्हणत हद्द आमची, कंपनी म्हणे हद्द आमची, आणि वाघ कोणाचीच हद्द मानीत नसे. अखेर १८२८ च्या कायद्याने सुंदरवन ही सरकारची मिळकत ठरली, आणि डॅम्पियर व हॉजेस या दोघा अधिकाऱ्यांनी मोजणी करून जंगलाची जी सीमारेषा आखली ती त्यांच्याच नावाने आजही सरकारी कागदोपत्री उल्लेखिली जाते. १८७५ नंतरच्या काही वर्षांत उरलेल्या जंगलाचा मोठा भाग राखीव झाला. तेव्हापासून मध काढणाऱ्याला परवाना आला, महसूल आला, नाव नोंदविणारा कारकून आला. तत्पूर्वी मौले, म्हणजे मध काढणारे लोक, वनदेवतेला विचारून आत जात. आता देवतेला व वनखात्याला, अशा दोघांना विचारून जाऊ लागले.

फाल्गुन-चैत्रात खारफुटीच्या वनात खलसी फुलू लागते. तिची फुले पांढरी, लहान व सुवासिक, आणि तिचा मध सर्वांत फिका व सर्वांत उंची मानला जातो; तिच्यामागून गरान, केवडा वगैरे झाडे फुलतात. येथला केवडा म्हणजे आपला गणपतीला वाहावयाचा सुवासिक केवडा नव्हे, तो खारफुटीतील एक उंच वृक्ष आहे. या फुलोऱ्याच्या वासावर आग्या माश्यांची मोहोळे दुरून स्थलांतर करून येतात आणि पावसाळ्याच्या सुमारास पुन्हा निघून जातात. यात एक चमत्कार आहे. ज्या कामकरी माश्यांनी मागल्या वर्षी एखादे झाड पाहिले त्या पुढल्या वर्षापर्यंत जगत नाहीत. तरीही मोहोळ त्याच झाडावर परत येते. आसामातील अशा झाडांवरच्या मोहोळांची आनुवंशिक तपासणी केली तेव्हा त्याच राण्या आपापल्या झाडावर परतल्याचे आढळले. मोहोळाला वाट दाखविणे हे तर राणीचे काम नसते, मग वाट कोणाला ठाऊक असते? ज्या मुलाला प्रश्न आवडतात त्याला हा प्रश्न खुशाल द्यावा.

डोंगरी प्रदेशात आग्या मोहोळ पन्नास-साठ हातांवर टांगलेले असते, परंतु सुंदरवनातील झाडेच बुटकी असल्यामुळे येथे ते पुष्कळदा माणसाच्या डोक्याच्या जरा वर, क्वचित हाताच्या अंतरावरही सापडते. त्याचे पोळे एकच. त्याला पेटी नाही, ढोली नाही, छप्पर नाही. फांदीला चिकटलेल्या वरच्या जाड भागात एका टोकाला मध, त्याखाली पराग आणि त्याखाली अळ्याकोष असलेला पातळ विस्तृत भाग. या सबंध पोळ्यावर माश्यांनी एकमेकींना धरून स्वतःच्या देहांचे अनेक पदरी पांघरूण घातलेले असते. गांधीलमाशी जवळून गेली की त्या पांघरुणातील माश्या एकीमागून एक आपली पोटे वर उचलतात आणि सबंध मोहोळावरून एक चमकती लाट निमिषार्धात धावून जाते. शत्रू तेवढ्याने परतला नाही, आणि एखादी माशी डसली, तर तिच्या नांगीबरोबर पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो. तो वास म्हणजेच बाकीच्यांना आज्ञा.

मौले पाच ते दहा जणांच्या टोळीने एका नावेत निघतात. माशी कोणत्या दिशेने जड उडते आहे, म्हणजे पोट भरून घराकडे चालली आहे, हे पाहत पाहत ते चिखलातून, श्वासमुळांच्या टोकदार खुंटांमधून, एकमेकांना हाळी देत फैलावून चालतात. हाळी अशासाठी की ज्याचा आवाज थांबेल त्याच्याकडे धाव घेता यावी. मोहोळ सापडले की हेंताल नावाच्या काटेरी ताडवर्गीय झाडाची पाने बांधून जुडी करतात, तिला विस्तव लावून धूर काढतात व ती मोहोळाखाली धरतात. धुराने दोन गोष्टी साधतात: तो केळ्यासारखा वास झाकला जातो आणि आग लागली असे समजून माश्या मध पिण्याच्या घाईत पडतात. तेवढ्या अवकाशात एक जण वर चढून मधाचा भाग कोयत्याने कापतो आणि दुसरा खाली टोपली धरतो. अळ्यांचा भाग शहाणे मौले ठेवून देतात, कारण तो ठेवला तर त्याच फांदीवर पुन्हा मध भरतो. हे सारे अर्ध्या घटकेचे काम, आणि त्या अर्ध्या घटकेत सर्वांची तोंडे वर व पाठ जंगलाकडे असते. सुंदरवनातील वाघ मागूनच येतो.

म्हणून नावेत एक गुणी असे. तो मंत्राने वाघाचे तोंड बांधतो अशी श्रद्धा. हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८७५ च्या बंगालविषयक बृहद् ग्रंथात लाकूडतोड्यांच्या टोळीबरोबर जाणाऱ्या अशा फकिराचे वर्णन आले आहे, आणि त्यात तिरस्कारापेक्षा कुतूहल अधिक आहे हे त्या ग्रंथकर्त्याच्या पदरी जमा करावे लागेल. मौले वनात असताना घरी बायका केसांना तेल लावीत नाहीत. नवरा परत येईपर्यंत वैधव्यासारखेच राहावयाचे, म्हणजे खऱ्या वैधव्याला यावयास निमित्त उरत नाही.

या लोकांची मधाविषयीची गोष्ट मात्र मुलाचीच गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त छपाईच्या ज्या पोथ्या खेडोपाडी पसरल्या त्यांत ‘बनबिबी जहूरानामा’ ही एक. भाषा बंगाली, छंद बंगाली पयार, पण पाने उलटावयाची ती फारसी-अरबी ग्रंथांप्रमाणे उजवीकडून. दुखे नावाचा एक बापावेगळा मुलगा आईजवळ राहून गुरे राखीत असतो. धना नावाचा त्याचा श्रीमंत नातेवाईक सात नावा घेऊन मध आणि मेण आणावयास निघतो आणि दुखेला लग्नाचे आमिष दाखवून बरोबर नेतो. आई निघताना एवढेच सांगते की संकट आले तर वनदेवता बनबिबीला हाक मार. वनात दिवसांमागून दिवस गेले तरी एकही मोहोळ दिसत नाही. मग व्याघ्ररूप धारण करणारा दक्षिणराय स्वप्नात येऊन धनाला सांगतो की पोरगा मला दे, नावा भरून देतो. धना कचरतो, आणि मग कबूल होतो. नावा मधाने व मेणाने भरतात. दुखेला लाकडे आणावयास केंदोखालीच्या काठावर उतरवून नावा निघून जातात. वाघ झेप घेतो त्या क्षणी पोर हाक मारते, बनबिबी व तिचा भाऊ शाह जंगली धावून येतात, दक्षिणराय पराभूत होतो आणि दुखे सेको नावाच्या मगरीच्या पाठीवर बसून आईकडे परत जातो. पुढे तो धनाला क्षमा करतो आणि त्याच्याच मुलीशी लग्न करतो. तडजोडही ठरते: ज्याचे मन शुद्ध व हात रिकामे, त्याने गरजेपुरते घ्यावे, त्याला वाघ स्पर्श करणार नाही. हिंदू मौले आणि मुसलमान मौले दोघेही वनात पाय ठेवण्यापूर्वी बनबिबीलाच हात जोडतात.

कलकत्त्याच्या बालमासिकांनी आफ्रिकेतील चंद्रपर्वत मुलांना दाखविला, परंतु कॅनिंगच्या पलीकडचा हा दुखे त्यांच्या पानांवर फारसा आला नाही, असे माझे मत आहे. त्याचे कारण भद्र समाज आणि वनातील समाज यांच्यातील भिंतीत शोधावे लागेल. पोथीची भाषा मुसलमानी म्हणून एका घरात तिला प्रवेश नव्हता आणि तिची देवता ग्रामीण म्हणून दुसऱ्या घरात. शिवाय दुखेच्या गोष्टीतील मध हा उद्योगाचे गोड फळ नाही. तो कोणाच्या तरी जिवावर मिळतो, आणि असला मध नीतिपाठाला चालत नाही.

सरकारी बाजूने मधमाशीला शिस्त लावण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. हलत्या चौकटींच्या पेटीत माश्या पाळण्याचा हिंदुस्थानातील पहिला प्रयोग बंगालमध्येच, १८८२ साली, झाल्याचे नमूद आहे. पाठोपाठ पंजाबात झाला, आणि टपाल व तार खात्यातील डग्लस नावाच्या अंमलदाराने १८८४ मध्ये हिंदुस्थानातील मधमाशीपालनावर एक मार्गदर्शिका लिहिली. यश बेताचेच आले. दक्षिणेत फादर न्यूटन यांनी १९११ नंतर सातेरीच्या आकारमानास साजेल अशी लहान पेटी बसविली तेव्हा कोठे गाडे चालू लागले. त्या न्यूटन पेटीचा लाभ पुढे आपल्या महाबळेश्वराच्या मधपाळांनाही झाला, आणि १९६२ मध्ये पुण्यास मध्यवर्ती मधमाशी संशोधन संस्था निघाली. महाबळेश्वराजवळील मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पण हे सर्व सातेरीच्या जिवावर. आग्या माशीला पेटीत घालण्याचे प्रयत्न ज्यांनी केले त्यांना तिने यश दिले नाही. तिला उघडे आकाश हवे असते आणि दोन फुलोऱ्यांमधील प्रवास हवा असतो. चांदण्या रात्री ती फुलांवर जाते. अशा प्राण्याला कचेरीची वेळ कशी लावणार?

कलकत्त्यात एक माणूस असा निघाला की ज्याने मुलांसाठी लिहिताना आधी स्वतः जाऊन पाहिले. गोपालचंद्र भट्टाचार्य, जन्म १८९५, फरीदपूरकडील एका खेड्यातले. शिक्षण अर्धवट राहिलेले, पदवी नाही. कुजक्या लाकडातून रात्री निघणाऱ्या प्रकाशावर त्यांनी ‘प्रवासी’ मासिकात लिहिलेला लेख जगदीशचंद्र बसूंच्या वाचनात आला, आणि त्यांनी या तरुणाला १९२१ मध्ये आपल्या बसू विज्ञान मंदिरात घेतले. ती संस्था तेव्हाच्या ज्या अप्पर सर्क्युलर रोडवर आहे तो रस्ता, मराठी वाचकाला सांगावयास हरकत नाही, आपल्या पूर्वजांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी १७४२ साली खणावयास घेतलेल्या मराठा खंदकाच्या रेषेवरून जातो. खंदक अर्धवट राहिला, बर्गी, म्हणजे मराठे स्वार, शहरापर्यंत आलेच नाहीत, आणि पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. त्या रस्त्याकाठी बसून गोपालचंद्रांनी मुंग्या, कोळी, फुलपाखरे यांचे आयुष्यभर निरीक्षण केले. आंब्याच्या पानांची घरटी शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांत कोणती अळी राणी होणार आणि कोणती कामकरी, हे तिला मिळणाऱ्या अन्नावर ठरते, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. मधमाशीचेही तसेच आहे: राणी व कामकरी यांची अंडी एकाच प्रकारची, ज्या अळीला शेवटपर्यंत राजान्न मिळते ती राणी होते.

सत्येंद्रनाथ बसूंनी १९४८ मध्ये स्थापिलेल्या बंगीय विज्ञान परिषदेच्या ‘ज्ञान ओ विज्ञान’ या मासिकाचे संपादन गोपालचंद्रांनी दीर्घकाळ केले, आणि मुलांनी स्वतः करून पाहावेत अशा प्रयोगांचे ‘करे देख’ हे पुस्तक लिहिले. ‘बांग्लार कीटपतंग’ या त्यांच्या ग्रंथास १९७५ चा रवींद्र पुरस्कार मिळाला. कलकत्ता विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९८१ मध्ये, आणि त्याच वर्षी ते वारले. विद्यापीठाला साठ वर्षे लागली. उपदेश न करता केवळ पाहावयास शिकविणारा असा बाललेखक कलकत्त्याला दुसरा मिळाला नाही.

मौल्यांच्या व्यवसायात या काळात फरक पडला तो थोडा. १९७३ मध्ये सुंदरवन व्याघ्र प्रकल्पात आले आणि आत जाण्याच्या वाटा कमी झाल्या. १९८६ मध्ये वनखात्याने मौल्यांना डोक्याच्या मागे बांधावयाचे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले, म्हणजे मागून येणाऱ्या वाघाला आपल्याकडे कोणी पाहत आहे असे वाटावे. प्रारंभी ही युक्ती चांगली लागू पडली, पुढे वाघ तिला सरावले असे म्हणतात. चैत्रात परवाने आजही मिळतात आणि निघण्यापूर्वी बनबिबीची पूजा आजही होते. जानेवारी २०२४ मध्ये सुंदरवनच्या मधाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि राज्याच्या वनविकास महामंडळामार्फत हा मध ‘मौबन’ या नावाने कोलकात्यात विकला जातो.

कोलकात्यास जाणाऱ्याने तो मुलांसाठी अवश्य आणावा. खाडीच्या दमट हवेमुळे त्यात पाण्याचे प्रमाण अधिक असते, आणि म्हणून तो आपल्या महाबळेश्वरच्या मधापेक्षा बराच पातळ लागतो. त्यावरून भेसळीचा संशय घेऊन दुकानदाराशी हुज्जत घालू नये, बाटली उघडल्यावर थंड जागी ठेवावी, आणि फार दिवस न ठेवता संपवावी.